पिल्लाची जात विचारणाऱ्या दोस्तास

दोस्ता,

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला तुझा फोन आला. वाटलं, पुन्हा कुठं पुतळ्यावरून राडा झाला, नायतर कुणा पोराला चौकीत नेऊन बसवलं. आपल्याकडं रात्रीचा फोन त्यासाठीच वाजतो. तू म्हणालास, "दादा, पिल्लू घ्यायचंय. चांगल्या जातीचं. शुद्ध पाहिजे, मिक्स नको. तुझ्या बघण्यात कुणी आहे का?"

तू सहज बोललास. मीपण "बघू" म्हणालो. फोन ठेवला आणि झोप उडाली. शुद्ध पाहिजे, मिक्स नको. हे वाक्य मी आधी कुठं ऐकलं होतं? कुत्र्याच्या बाबतीत नव्हे. चुलतभावाच्या सोयरिकीत ऐकलं होतं. त्यावर शेवटी येतो.

हे तुला एकट्याला सांगून भागलं असतं. पण नोकरी लागली, फ्लॅट झाला, दारात गाडी आली की आता पिल्लू, असा क्रम आपल्या बऱ्याच घरांत दिसायला लागलाय. म्हणून चारचौघांत बोलतो. राग आला तर पुढच्या अंकात उत्तर लिही. पानं राखून ठेवतो.

आधी एक साफ करतो. कुत्रं पाळायला माझी हरकत नाही. मनूनं चांडाळाची मालमत्ता म्हणून कुत्री आणि गाढवं लिहून ठेवली. घर गावाबाहेर, भांडी फुटकी. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळालं. तेव्हा कुत्रं पाळलं म्हणून आपण खाली जात नाही, आणि अल्सेशियन पाळला म्हणून वर जात नाही. आपले म्हातारे येसकरकीला रात्र रात्र वेशीत बसायचे, तेव्हा सोबतीला कुत्रंच असायचं. भाकर अर्धी त्याची, अर्धी ह्यांची. त्या कुत्र्याला कुणी जात विचारली नाही. म्हाताऱ्याला मात्र दिवसातून दहादा विचारली. चवदार तळ्यावर कुत्रं येऊन पाणी पिऊन जायचं, कुणाला काही वाटायचं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा मात्र तळं शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध, दही घेऊन भट धावले.

माझं भांडण कुत्र्याशी नाही. ते ह्या 'शुद्ध'शी आहे.

•

आपली मराठी भाषा बघ. चांगला कुत्रा 'जातिवंत'. चांगला घोडा 'जातिवंत'. गवयी चांगला गायला तर तोही 'जातिवंत कलावंत'. म्हंजे जात असणं हाच गुण. उलट बाजूला काय? 'कमअस्सल', 'गावठी', 'हलक्या अवलादीचं'. दोन भाषांची सरमिसळ झाली की साहित्यातले पंडित नाक मुरडून म्हणतात, 'धेडगुजरी'. त्यातला धेड कोण? तू आणि मी. कुणी म्हणेल, हा माणसाची तुलना कुत्र्याशी करतो. मी कशाला करू? भाषेनं ती कधीच करून ठेवलीय.

इंग्रजी काही वेगळी नाही. तमिळ मुलखात परैयर ही आपल्यासारखीच गावाबाहेरची जात. 'परै' नावाच्या ढोलाशी तिचं नाव जोडलेलं आहे. साहेबानं त्या नावाचं 'पॅरिया' केलं आणि जगातल्या प्रत्येक वाळीत टाकलेल्या माणसाला ते चिकटवलं. मग हिंदुस्थानातल्या गल्लीतल्या कुत्र्यालाही तेच नाव दिलं. पॅरिया डॉग. कुत्र्यांच्या पुस्तकांत हे नाव आजही सापडतं. जित्याजागत्या जमातीचं नाव, आणि अर्थ काय, तर ज्याला मालक नाही, कागद नाही ते कुत्रं! रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली 'परैयन' नावाचंच पत्र काढून ती शिवी मथळ्यावर छापली. अयोथी दासांनी ते नाव झुगारलं आणि १८९८ साली बुद्धाची वाट धरली. दोन वाटा दोन दिशांच्या, पण नावात काय डाव आहे हे दोघांनाही कळलं होतं. आपण मात्र दुकानात उभं राहून म्हणतो, "हे गावठी नको, जातीचं दाखवा."

•

तरी तुझ्यासोबत आलो. रविवारी सकाळी. बंगला, पुढं हिरवळ, मागं पत्र्याची शेड. मला वाटलं होतं, इथं कुत्र्यांचा कारखाना असणार. मादीला पिंजऱ्यात कोंडायचं, प्रत्येक माजाला लावायची, पिलं महिन्याची झाली की आईखालून ओढून बाजारात न्यायची. तिथून ती पारव्होचा ताप घेऊन घरी येतात आणि आठ दिवसांत मरतात. असले लोक आहेत, भरपूर आहेत.

हा माणूस तसला नव्हता. हे मी कबूल करतो, कारण खोटं बोलून आपली बाजू भक्कम होत नाही. त्यानं पिलांची आई दाखवली. तिच्या खुब्याच्या सांध्याचे एक्सरे दाखवले, कारण लॅब्रडॉर आणि अल्सेशियनमध्ये तो सांधा सैल निघतो आणि पुढं कुत्रं लंगडतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही म्हणाला. २०१७ च्या सरकारी नियमांतही तेच आहे. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाच्या आतली आणि आठ वर्षांवरची मादी लावायची नाही. वर्षातून एकदाच, आणि जन्मात पाच खेपांच्या वर नाही. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंद केली पाहिजे. त्याची नोंद होती. जंताचं औषध, लस, सगळं वहीत लिहिलेलं. उलट त्यानंच तुझी झडती घेतली. घर कितव्या मजल्यावर, दिवसा घरी कोण, फिरवणार कोण. नाही जमलं तर रस्त्यावर सोडू नका, मला परत आणून द्या, म्हणाला. मला माणूस आवडला.

मग त्यानं कागद काढला. वंशावळ. बाप, आई, आजा, आजी, पणजा, पणजी. सगळ्यांची नावं छापलेली, कुणी कुठं बक्षीस मिळवलं तेही. आणि म्हणाला, "साहेब, रक्त बघा. बाहेरचा एक थेंब नाही." तुझा चेहरा मी बघत होतो. तू असा खूश झालास, जणू तुझंच पूर्वज सापडले.

दोस्ता, तुझ्या पणज्याचं नाव तुला माहीत आहे का? मला माझ्या पणज्याचं माहीत नाही. आज्याची जन्मतारीख मास्तरनं १ जून टाकलीय, वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची टाकली तशी. पणज्याच्या आत आमचा इतिहास संपतो. आणि तू चाळीस हजार देऊन कुत्र्याचा पणजा विकत घेत होतास.

इसार मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "आडनाव काय लिहू?" तू गावावरून पडलेलं आडनाव सांगितलंस. त्यानं मान हलवली. कळलं नाही त्याला. तूही कळू दिलं नाहीस. तिथं मी गप्प बसलो. ती माझी चूक.

•

ही वंशावळीची चोपडी आली कुठून? कुत्रं माणसासोबत हजारो वर्षं आहे, पण चोपडी कालची आहे. आधी कुत्र्याची ओळख कामावरून होती. मेंढरं राखतं ते मेंढपाळाचं, ससा धरतं ते शिकारीचं. आपल्याकडचं कारवानी घे. दक्षिण महाराष्ट्रात, उत्तर कर्नाटकात धनगर, बेरड, शिकार करणारे लोक ही लांब पायांची कुत्री पाळत आले. मुधोळच्या घोरपडे राजानं ती जोपासली, आणि नाव झालं 'मुधोळ हाउंड'. २००५ साली टपाल तिकीटसुद्धा निघालं. तिकिटावर संस्थानाचं नाव आलं. बेरडाचं नाव सरकारनं वेगळ्या यादीत घातलं होतं, गुन्हेगार जमातींच्या.

इंग्लंडात १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. काम मागं पडलं, रूप पुढं आलं. कान असा, नाक तसं, रंग अमुकच. आणि चोपडीत ज्याचे आईबाप, त्यालाच चोपडीत जागा. बाहेरच्याला दार बंद. त्याच इंग्लंडात, त्याच वरच्या वर्गातल्या गाल्टननं १८८३ साली माणसांची अवलाद सुधारायच्या शास्त्राला नाव दिलं, युजेनिक्स. पुढं जर्मनीत त्या शास्त्रानं काय केलं ते सांगायला नको.

आता बाबासाहेबांकडं ये. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ. पंचवीस वर्षांचा पोरगा उभा राहून सांगतो की जातीचा गाभा म्हंजे आतल्या आत लग्न. विटाळ, धंदा, रोटी हे सगळं नंतर. बेटीचं दार बंद केलं की जात तयार होते. आणि ते दार बंद ठेवायला बाईवर पहारा बसवावा लागतो. म्हणून सती, म्हणून विधवेचं मुंडण, म्हणून आठ वर्षांच्या पोरीचं लग्न. मागच्या शेडमध्ये मी बघितलं. कुत्री माजावर आली की तिला तीन आठवडे कुलपात ठेवतात. कुलूप मादीलाच. नर मोकळा, त्याची फी ठरलेली. शुद्धता कुठलीही असो, तिचा पहारा नेहमी मादीच्याच दाराशी असतो.

•

शुद्धतेनं कुत्र्याचं तरी भलं झालं का? हे नीट ऐक, कारण उद्या तुला कुणी म्हणेल की तुम्हाला सगळीकडं जातच दिसते.

बुलडॉगचं डोकं इतकं मोठं आणि कंबर इतकी अरुंद केली की बहुतेक माद्यांचं पोट फाडूनच पिलं काढावी लागतात. पगचं नाक दाबत दाबत आत नेलं, आता तो झोपेत श्वासासाठी धडपडतो आणि आपण घोरतोय म्हणून हसतो. कॅव्हलियर नावाच्या कुत्र्याची कवटी मेंदूला पुरत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्याची तशी पैदास बेकायदा ठरवली. २००८ साली बीबीसीनं हे सगळं पडद्यावर दाखवलं आणि बोंब झाली. त्यानंतर कुठं, २००९ साली, इंग्लंडच्या क्लबानं बाप-लेक, आई-लेक, सख्खे भाऊ-बहीण यांच्या संबंधातून झालेली पिलं नोंदवायचं थांबवलं. म्हंजे तोवर चोपडीत ते चालत होतं. घरातल्या घरात झालं तरी शुद्ध, आणि शेजारच्या गल्लीतला आला तर बाटलं!

पण सगळ्यात मोठी गोष्ट डाल्मेशियनची. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला, सिनेमातला. ह्या जातीत रक्ताचा एक दोष घट्ट बसला. ठिपके चांगले दिसावेत म्हणून निवडत गेले, त्याच्याबरोबर दोषही निवडला गेला, असं मानतात. चोपडीतला प्रत्येक डाल्मेशियन तो दोष घेऊन जन्मायचा. लघवीत युरिक ॲसिड साठतं, खडे होतात, नराची लघवी अडते आणि तो तळमळून मरतो. जातीत एकही निरोगी उरला नव्हता, म्हणून जातीच्या आत औषधही नव्हतं.

१९७३ साली रॉबर्ट शायबल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं साधी गोष्ट केली. डाल्मेशियनचा संबंध एकदा, फक्त एकदा, पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी लावला. पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच. काही पिढ्यांत ठिपके तेच, चाल तीच, आणि दोष गेला. झालं? नाही झालं. अमेरिकेच्या क्लबानं १९८१ साली अशी दोन कुत्री नोंदवली, तर जातवाले चवताळून उठले. एक आजा परका आहे! नोंदणी बंद. ती पुन्हा उघडायला २०११ साल उजाडलं. तीस वर्षं. तीस वर्षं औषध हातात होतं आणि ह्या कुत्राप्रेमींनी आपली लाडकी पिलं खड्यानं तळमळू दिली, पण चोपडीत परका आजा येऊ दिला नाही.

ही माणसं दुष्ट नव्हती. कुत्र्यांसाठी रात्री जागणारी होती. शुद्धतेचा रोग असाच असतो, तो प्रेमळ माणसालाही होतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी जे भाषण लिहिलं, मंडळानं नाकारलं आणि त्यांनी स्वतःच्या पैशानं छापलं, त्यात हाच सवाल आहे. जातीनं वंश सुधारला म्हणता, मग दाखवा कुठं आहे ती सुधारलेली प्रजा? सैन्यात घ्यायला नालायक ठरणारे नऊदशांश लोक, हीच का? आणि त्यांनी पुढं विचारलं की मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्या वंशात फरक तो काय? आता जनुकं तपासणाऱ्यांनीही २०१३ मध्ये सांगितलं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातली माणसं सर्रास एकमेकांत मिसळत होती, मग दारं बंद झाली. म्हंजे सगळेच मिक्स. चोपडी नंतरची.

गंमत बघ. शेतात हायब्रीड ज्वारी चालते. गोठ्यात संकरित गाय चालते, जर्सीचं वीर्य आणून गोमातेला भरतात, दुधाच्या डेअरीचा चेअरमन सनातनी असला तरी. पण माणसांचा संकर म्हटलं की गीतेतल्या अर्जुनाला घाम फुटतो. फायदा दिसला की संकर, सत्ता जाईल असं दिसलं की वर्णसंकर.

•

तू म्हणशील, "दादा, आपणपण जातीचा कागद बाळगतोच की." बाळगतो. जात पडताळणीला गेलास तेव्हा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागितला ना? आज्याचा शाळेचा दाखला शोधत तू तीन तालुके फिरलास. त्यावर काय लिहिलं होतं? 'महार'. तो कागद रक्त शुद्ध आहे म्हणून मिळत नाही. जखम झाली होती, म्हणून मिळतो. पोलिसात पंचनामा असतो तसला तो कागद आहे. कुत्र्याचा कागद सांगतो, ह्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही. आपला कागद सांगतो, ह्यांना कुणी आत येऊ दिलं नाही. दोन्हीवर तीन पिढ्या असतात, म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

•

आता फाटकापाशी काय झालं ते सांगतो. तू गाडी काढत होतास. शेड धुणारा पोरगा माझ्याजवळ आला. माझ्या खिशाला निळा बिल्ला होता, तो त्यानं बघितला आणि हळूच म्हणाला, "जय भीम, दादा." सतरा-अठरा वर्षांचा. रात्री अडलेल्या कुत्रीची पिलं तोच सोडवतो, पहिलं दूध तोच पाजतो. कागदावर पैदास करणारा म्हणून मालकाचं नाव. पोराचा चहाचा कप शेडच्या खिळ्याला टांगलेला. मालकाच्या सोफ्यावर कुत्री झोपलेली मी आतून बघून आलो होतो.

पोरगा म्हणाला, "मागं आणखी चार पिलं हायेत, दादा. ह्याच कुत्रीच्या बहिणीची. कुलूप नीट लागलं नव्हतं, भिंतीवरून गल्लीतला आला. मालक म्हंतो, नावाला बट्टा लागतो, कुणाला दाखवू नको. आठवडाभरात लांब कुठंतरी सोडून ये."

मी बघितली. चार. एकाचे कान उभे, एकाचे पडलेले. त्यांना ना लस, ना जंताचं औषध, ना वही. आई तितकीच जपलेली, तिच्या खुब्याचा एक्सरेही असणार. फक्त बाप चोपडीत नाही.

दोस्ता, हाच तो जबाबदार माणूस. तुला म्हणाला होता, पिल्लू रस्त्यावर सोडू नका, मला परत द्या. त्याची सगळी जबाबदारी कागदापर्यंत होती. कागद संपला, माणूस संपला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. त्याची जबाबदारी घे, त्याची शुद्धता तिथंच फेक. आई बघ, दात-डोळे बघ, लस टोच, वेळेवर ऑपरेशन कर म्हंजे गल्लीत आणखी उपाशी पिलं होणार नाहीत. रेबीजची लस तर चुकवूच नको, कारण मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या बंगलेवाल्याला चावत नाहीत, पहाटे झाडू मारणाऱ्या बाईला आणि वस्तीतल्या पोरांना चावतात. चावलंच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि तडक दवाखाना, अंगारा नाही. हे शाखेत शिकवायला पाहिजे. जबाबदारी ह्याला म्हणतात. तिला पणजा लागत नाही.

•

आणि आता ती सोयरीक.

चुलतभावाला स्थळ आलं होतं. पोरगी शिकलेली, बौद्ध. दीक्षा आज्यानं घेतलेली. सगळं जुळलं. मग काका फोनवर हळूच म्हणाले, "ते ठीक आहे, पण मूळचे कोण? सोमवंशी का लाडवण? आपल्याला शुद्ध पाहिजे, मिक्स नको." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. मांगाची पोरगी असती तर फोनच उचलला नसता. १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि साडेबारा पोटजाती घडी करून पेटीत ठेवल्या. लग्न निघालं की पेटी उघडते.

आपली चोपडी आपणच सांभाळतोय, दोस्ता. भटाला आता पहाऱ्याला बसायची गरज उरली नाही. तुझी पोरगी सात वर्षांची आहे. आज ती घरात ऐकते, "मिक्स नको." अजून पंधरा वर्षांनी ती एखाद्या मातंग, चांभार, भटक्या पोराला घेऊन दारात उभी राहिली, तर तुझ्या तोंडून काय निघेल? मला आजच भीती वाटते.

इसार परत मागायला लाज वाटत असेल तर मी येतो सोबत. तो देणार नसेल तर सोडून दे, तितके पैसे आपण पुतळ्याच्या वर्गणीत बुडवलेत. ती चार पिलं अजून शेडमागं आहेत. पोराला मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. दोन मी शाखेत आणतोय, कार्यालयाला राखण होईल. एकासाठी तो पोरगाच घर शोधतोय.

एक उरतंय. उभ्या कानाचं. शनिवारपर्यंत सांग.

जय भीम.